रंगाचा तिसरा हात

"दाराचं हँडल कशाला काढतेस?" मुलगा गॅरेजच्या दारातूनच म्हणाला.

"टेप चिकटवून रंगवणं म्हणजे पाहुणे आले की कचरा सतरंजीखाली सारणं," आई म्हणाली आणि पाना फिरवत राहिली.

दहा दिवसांपूर्वी तिने फाटकाच्या खांबाला बंपर घासला होता. बत्तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवून अर्ध्या शहराला गाडी शिकवलेल्या बाईने. मुलाने त्याच संध्याकाळी गॅरेजमधल्या खुंटीवरची चावी काढून खिशात टाकली. चावी एकच होती, दाराला तीच आणि इंजिनलाही तीच. दुसरी बाबांनी त्यांच्या हयातीतच हरवली होती. एकाहत्तराव्या वर्षी पुरे झालं, असं म्हणून त्याने गाडीला गिऱ्हाईकही शोधलं. ते रविवारी येणार होतं.

"फाटक बांधताना खांब दीड फूट आत घेतलास तू, आणि चावी गेली माझी," आई म्हणाली होती. "चोर सोडून संन्याशाला सुळी."

मग दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन बोलली. "अशी भुरकट होऊन ती माझ्या दारातून जाणार नाही. प्लास्टिक मी रंगवणार."

मुलाला हायसं वाटलं. गाडीचा लाल रंग अजून टिकून होता. पण बंपर, बाजूच्या पट्ट्या, आरशांची कवचं, हँडलं, सगळं काळं प्लास्टिक उन्हाने राखेसारखं झालं होतं. आई रंगाचा एक डबा फवारून मोकळी होईल, असं त्याला वाटलं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तिने एकूण एक तुकडा सुटा केला, साबणाने घासला, त्यावरचं वर्षानुवर्षांचं पॉलिश उतरवलं. पॉलिशवर रंग धरत नाही, आठवड्यात सालपटं निघतात, असं ती त्याला ऐकवत होती. मग पाणी लावून पॉलिश पेपर, मग प्रायमर.

सगळं वर्तमानपत्रांवर मांडलेलं होतं. मुलाने हँडल उचललं. मागे कुलूप तसंच होतं आणि त्यावर बारीक आकडे ठोकलेले होते.

"हा कसला नंबर?"

"कारखान्याचा. ठेव खाली. तुझ्या बोटांचं तेल लागलं तर परत धुवावं लागेल."

त्याने निमूटपणे खाली ठेवलं. थोडा वेळ तिथेच घुटमळला.

"आई, राग आहे का गं?"

"आहे."

"मग हे सगळं..."

"राग आला म्हणून काम वाईट करायचं? परवाना अजून चार वर्षं चालतो माझा. तू ढकलशील तेवढंच पुढे जायला मी काही हातगाडी नाही."

त्याला वाईट वाटलं.

गुरुवारी ती हँडल पिशवीत घालून बाजारात गेली आणि तीन तासांनी परतली.

"रंग जुळवायला इतका वेळ?"

"ओला रंग खोटा दिसतो, वाळेपर्यंत थांबावं लागतं. वर एक जुना विद्यार्थी भेटला. समोरच दुकान आहे त्याचं, चहा घेतल्याशिवाय सोडेना."

रात्री जेवताना बायकोने हळूच विचारलं, "आई इतक्या गप्प कधीपासून झाल्या?"

"रमलीय कामात. बरंच आहे की," तो म्हणाला.

शुक्रवारी रंगाचा तिसरा हात झाला. दारात उभ्या उभ्या, चष्म्याशिवाय, आईला बंपरवर चिकटलेला एक केस दिसला. तिने तो सुईने अलगद उचलला. मुलाला तो जवळ जाऊनही दिसला नव्हता. त्याचा हात खिशातल्या चावीकडे गेला, पण गिऱ्हाईकाला शब्द दिलेला होता. तो घरात निघून गेला.

शनिवारी आईने सगळं जागच्या जागी बसवलं. लाल रंगाच्या कडेने काळं असं उठून दिसलं की बायकोसुद्धा बघत राहिली.

"अगदी नवी झाली," मुलगा म्हणाला.

"नवी कशाला? जुनीच आहे, धड आहे," आई म्हणाली आणि हात धुवायला गेली.

रविवारी दहा वाजता मुलगा गिऱ्हाईकाला घ्यायला चालत नाक्यापर्यंत गेला. वाटेत त्याने बंपरचं भरभरून कौतुक केलं. परत येऊन त्याने गॅरेजचं दार वर सरकवलं.

जमिनीवर रंगाचे डाग पडलेली वर्तमानपत्रं होती. गाडी नव्हती. त्याने खिसा चाचपला. चावी खिशातच होती.

खुंटीला एका दुकानाची चिठ्ठी टोचलेली होती. 'दाराच्या कुलपावरच्या नंबरवरून नवी चावी, एक नग.' खाली आईचं ठसठशीत अक्षर होतं.

'तुझ्याकडची तूच ठेव.'