तळ्याचं कोरडं वर्ष

गाडी बांधावर थांबली आणि सेवरीन खाली उतरली. समोर तळं नव्हतंच. पलीकडच्या झाडीपर्यंत नुसतं ओटचं पीक डुलत होतं, हिरवंगार, कमरेएवढं.

ती याच बांधावर लहानाची मोठी झालेली. फ्रान्सच्या या दोंब भागातल्या तळ्यांत काही वर्षं पाणी ठेवतात, मग एक वर्ष ती कोरडी करून पेरतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण लिओं शहरात राहायला गेलं की माणूस हेसुद्धा विसरतो, दुसरं काय!

तिच्या छोट्या लेकीने, माएलने, दुर्बीण डोळ्यांना लावून पक्षी कुठायत म्हणून भुणभुण लावली. शेवटी तिच्या बापाने, रेजिसने, तिला बांधावर ससे शोधायला धाडलं. एरवी त्याने बायकोची भरपूर खेचली असती. आज थट्टेची वेळ नव्हती.

कारण उद्या सेवरीनच्या वडिलांना, आंतेल्मबाबांना, वृद्धाश्रमात स्मृती हरवलेल्यांच्या कुलूपबंद मजल्यावर हलवायचं घाटत होतं. त्यांना आता काही म्हणजे काही कळत नाही, असं थोरल्या भावाचं म्हणणं. सेवरीन हट्टाला पेटली होती. जन्मभर हे तळं राखलेला माणूस, एकदा त्याला पाण्यासमोर बसवा, पक्षी दाखवा, मग बोला. त्यांनी तळं ओळखलं तर मी त्यांना माझ्या घरी नेईन. भावाने वैतागून बरं म्हटलं होतं.

आणि आता पाणीच नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं तिला.

बाबांना गाडीतून उतरवून तिने पक्षी बघायच्या लाकडी खोपीत बाकावर बसवलं. ते फटीतून बराच वेळ बाहेर बघत राहिले.

"यंदा याची पाळी," ते म्हणाले. "गाळ वाळला पाहिजे. त्याशिवाय पुढं मासा धरत नाही."

आवाज खणखणीत, अगदी पूर्वीचा. पाण्यात बुड्या मारणाऱ्या टिबुकल्या यंदा पलीकडच्या तळ्यावर गेल्या असतील, लव्हाळ्यांच्या कोपऱ्यात घरटी करतील, असंही त्यांनी सांगितलं. सेवरीनने रेजिसचा हात घट्ट धरला. तिला इतका आनंद झाला की काय करू नि काय नको. मनातल्या मनात तिने खालची खोली रिकामी करून बाबांची खाटही टाकली. मग डबा उघडून साखर-लोण्याच्या गोड रोटीचा, गालेतचा, मोठा तुकडा त्यांच्यापुढे धरला.

बाबांनी तो घेण्याआधी टोपी काढली.

"आभारी आहे, बाई. शहराकडून आलात वाटतं? पुढच्या वर्षी या. टिबुकली पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते, तुमच्या लेकीला आवडेल."

रेजिस खाली बघू लागला. सेवरीनला रडू आवरेना, तरी ती बाबांच्या समोर गुडघ्यांवर बसली.

"माझ्या घरी येता का राहायला? खालची खोली आहे. बाग आहे."

बाबा संकोचून हसले. तिचा हात त्यांनी हलकेच थोपटला.

"छे, परक्यांच्या घरी कसा येऊ? मी इथंच थांबतो. माझी सेवरीन येणार आहे न्यायला."