टोर्व्हानियाचा लष्करी रंग

जुन्या बाजारातून आणलेली खेळण्यातली कचरागाडी डेस्मंडनं हिरवी रंगवली आणि तिला टोर्व्हानियाच्या सैन्यात भरती केलं. टोर्व्हानिया हा देश त्यानंच मनानं रचलेला, त्याचा इतिहासही छोट्या गाड्या जमवणाऱ्या हौशी मंडळींच्या मासिकात त्यानंच लिहिलेला.

"देश भला मोठा, लोकसंख्या एक," बायको वेंडी म्हणायची. डेस्मंड हसायचा, पण त्याला ते लागायचं.

ग्रिम्सबी गावच्या चर्चच्या हॉलमध्ये भरलेल्या अशा गाड्यांच्या प्रदर्शनात एका म्हातारबुवांनी भिंग लावून गाडी न्याहाळली.

"रंग चुकलाय. क्रांतीनंतर टोर्व्हानियाच्या सैन्याच्या सगळ्या गाड्या करड्या झाल्या."

"अहो, हा देश मीच रचलाय."

"माहितीये. तुमच्याच लेखात वाचलंय."

घरी येताच डेस्मंडनं करड्या रंगाची डबी उघडली.

"वेंडी," तो ऐटीत म्हणाला, "लोकसंख्या दुप्पट झाली."