तड्याचं टोक

तेल्हाऱ्याहून एसटीनं येईपर्यंत तडा आणखी बोटभर सरकला होता. मनकर्णाबाईंनी जठारपेठेतल्या काचेच्या दुकानात फोटोची फ्रेम टेबलावर ठेवली. स्टूल पुढे केलं तरी त्या बसल्या नाहीत.

“पाह्य पोरी, सकाळी इथं होता,” काचेवरची पेनाची खूण दाखवत त्या म्हणाल्या. “आता इथं आला.”

दुकानाची मालकीण ज्योत्स्ना. तिनं आधी कूलर बंद केला. उन्हात तापून आलेल्या काचेला गार वारा लागला असता, तर तडा तिथल्या तिथे धावला असता. मग तिनं भिंग धरलं. फोटोत एक तरुण बाई होती, मांडीवर तान्ही मुलगी. तडा कोपऱ्यातून निघून मुलीच्या कानापाशी पोचला होता. त्याच रेषेत पुढे बाईचा चेहरा होता.

“काच बदलून दे ना.”

“फोटो काचेले चिकटला, मावशी. काच काढली त सारा उकलून येईन.”

“नातीनं मोबाइलात घेतला हाय. पण मायचा कागदावरचा फोटो हा एकच हाय माह्यापाशी.”

ज्योत्स्नानं तड्यावरून नख न टेकवता बोट फिरवलं. “तड्याचं टोक सुईवानी असते. सारा जोर त्या टोकावर येते, म्हणून तो पुढं सरकते. टोकाच्या पुढं गोल भोक पाडलं त जोर वाटल्या जाते. तडा थांबते.”

“मंग पाड.”

“भोक पोरीच्या तोंडावर येते, मावशी. तेवढा कागद जाईन. अन् काच फुटली त माह्या हातात काई नाई.”

मनकर्णाबाई दारापर्यंत गेल्या, परत आल्या. दोघींच्या देखत तडा केसभर पुढे गेला.

“थे पोरगी म्हंजे मीच,” त्या म्हणाल्या. “अन् मी हाव ना इथं जित्ती. पाड माह्यावर.”

ज्योत्स्नानं फ्रेमची मागची फळी काढली, काचेवर थेंबभर पाणी सोडलं आणि बारीक ड्रिल टेकवलं. काच किरकिरत राहिली. मनकर्णाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. मध्येच टिक् असा आवाज झाला. ज्योत्स्नाचा हात जागीच थांबला.

तडा उसळून भोकात शिरला होता. पलीकडे निघाला नव्हता.

मनकर्णाबाई वाकल्या. मुलीच्या चेहऱ्याच्या जागी तुरीच्या दाण्याएवढं गोल भोक होतं. माय मान खाली घालून त्याच्याकडे बघत हसत होती.