अकरावी आक्काताई

अनाथ मुलांच्या संस्थेच्या जुन्या रजिस्टरात माझ्या जन्मदात्या आईबद्दल एवढंच लिहिलं होतं: आक्काताई, गडमुडशिंगी. आडनावाची जागा कोरी. मतदार यादी चाळली, तर गावात साठीपुढच्या आक्काताई निघाल्या अकरा.

पाच रविवार मी कोल्हापुरातून गाडी काढून जात होतो आणि प्रत्येकीला तेच विचारत होतो, "बेचाळीस वर्षांपूर्वी तुम्ही एक मुलगा संस्थेत ठेवला होता का?" दहा जणी "न्हाय ओ पावणं" म्हणाल्या. एकीनं तर मी पायरी उतरायच्या आत कडी लावून घेतली.

अकरावी मात्र माझ्याकडं बघतच राहिली. "एवढ्या उशिरा आलास व्हय रं?" म्हणत तिनं हाताला धरून मला आत घेतलं. "जा, हात धुऊन ये. भाकरी टाकते."

मागच्या दारी हात धुताना शेजारचे म्हातारबा कुंपणावरून म्हणाले, "पावणं, खुळ्यागत विश्वास ठिवू नका. तिला मूल झालंच न्हाय की कधी."

म्हणजे आधीच्या दहांतली एक माझ्याशी खोटं बोलली होती. पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात करायची होती.



मी आत जाऊन पाटावर बसलो. म्हणालो, "आई, वाढ. लई दमलोय."