लातूरहून आलेली मशीन

कस्तुराबाई नांदेडला एकट्याच राहायच्या. कंबर धरल्यापासून त्यांना झाडू मारणं होईना, म्हणून त्यांच्या लेकीनं, पुनमनं, लातूरहून उभा व्हॅक्यूम क्लीनर पाठवला. मशीन झेपली नाही तर आईनं लातूरला राहायला यायचं, असं दोघींचं ठरलं होतं.

एका सकाळी पुनमचा फोन आला. लाईट गेलेली होती. कस्तुराबाई बैठकीत खुर्चीवर बसल्या होत्या आणि मशीन त्यांच्यासमोरच उभी होती.

“कशी हाय मशीन?”

“लई कामाची. वाकावं लागत न्हाई. सतरंजीतली माती बी ओढून घेती. फक्त जड हाय, अन् दिवाणाखाली तिचं तोंड जात न्हाई.”

“आई, आधी बंद कर ती. काहीच ऐकू येईना.”

कस्तुराबाईंनी मशीनकडे पाहिलं. वायर गुंडाळून ठेवलेली होती.

“बंदच हाय.”

“अगं, घरघर चाललीय की! हां, आता कमी झाली. आतल्या खोलीत नेली वाटतं. कोण झाडून राहिलंय?”

आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. कस्तुराबाईंनी कान दिला. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. पण तसं सांगितलं तर आईला आता ऐकूही येईना असं धरून पुनम दुपारच्या गाडीनं येऊन सामान बांधायला लावेल, हे त्यांना माहीत होतं.

“बाई ठेवलीय कामाला,” त्या म्हणाल्या.



“मग ती मला हाका का मारून राहिलीय, आई? तुझ्याच आवाजात?”