जात्यावरचं पीठ

"आमच्या घरात ऐंशीच्या आत कुणी म्हातारा मेला न्हाई," नाथाजी सुभेदार म्हणाले आणि साताऱ्याहून आलेल्या बातमीदारानं ते खुशीत वहीत उतरवून घेतलं.

मेढ्याच्या वर डोंगरात सुभेदारांचं घर होतं. शहात्तर सालचा उन्हाळा. सुभेदारांचं वय अठ्ठ्याहत्तर, दात बत्तीसच्या बत्तीस, पाठ ताठ. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेला असा धडधाकट माणूस म्हणजे साप्ताहिकाला आयता मजकूर.

"नेम सांगा तुमचे," बातमीदार म्हणाला.

"लिवा. पहाटं चारला उठायचं. कडुलिंबाची काडी. गार पान्यानं आंगुळ. मग अनवानी देवीच्या टेकाडापातूर जाऊन यायचं. वाडवडील करत आलं, त्येच मी करतो."

गार पाणी खालच्या झऱ्यावरून यायचं. ते कोण आणतं, हे सुभेदारांनी सांगितलं नाही आणि बातमीदारानं विचारलं नाही.

ते आणणारी साळूबाई, सुभेदारांची सून, दाराआड उभी होती. तिला पाचवा महिना होता. गेल्या वर्षीचं सहाव्यात गेलं होतं, जात्यावर बसलेली असतानाच. परवा मेढ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दळण आणि ओझं बंद, नाहीतर हेही जाईल. नवरा मानसिंग पलटणीत, जम्मूकडं. विचारायचं ते सासऱ्यालाच. पाहुण्यासमोर म्हातारा नाही म्हणणार नाही, या आशेवर ती सकाळपासून थांबली होती.

"आणि आहार?"

"नाचणीची भाकरी, ताक, वर लोन्याचा गोळा. पर पीठ जात्यावरचं. गिरणीचं पीठ जळतं, त्यात राम न्हाई. मेढ्याला गिरण यिऊन धा वर्सं झाली, आमच्या घरचा दाना तिकडं गेला न्हाई."

"वडील किती वर्षांचे होऊन गेले?"

"चौऱ्याऐंशी. आज्जा नव्वद."

"आणि आई?"

"ती मी रांगत हुतो तवाच गेली."

"आजी?"

सुभेदारांनी आठवून पाहिलं. "ती कुनी बगितलीच न्हाई."

"सुभेदारीणबाई?"

"अंबू बेचाळिसाव्या वर्साला. बाईमानूस. त्यास्नी खान्यापिन्याचा नेम नसतो."

बातमीदाराची लेखणी आजोबांच्या नव्वदीवर थांबली, ती पुढं सरकलीच नाही. 'पूर्वजांचा वारसा' हा मथळा त्याला एसटीतच सुचला होता. त्यात हे बसत नव्हतं.

तिघींचं मरण असं एका दमात दाराआडच्या साळूबाईनं आजवर ऐकलं नव्हतं. ती ताकाचे पेले घेऊन बाहेर आली, ते ठेवले आणि तिथंच उभी राहिली.

"मामंजी, शेजारची बनुबाई मेढ्याला निघालीया. दळण तिच्यासंगं गिरणीला धाडू का? डॉक्टरीणबाईंनी मला दळाय नको म्हनून सांगितलंय."

सुभेदार मनापासून हसले. "बगा पाव्हणं, आजकालच्या पोरी. आमची आय सकाळी दळाय बसली आन् दुपारी मी झालो."

"वा!" बातमीदारानं हे मात्र लगेच लिहून घेतलं.

साळूबाईनं मान खाली घातली. पाहुण्यासमोर विचारलं हेच चुकलं. आता हे छापून येणार, आणि छापलेल्या शब्दावरून म्हातारा जन्मात मागं हटणार नव्हता.

"जात्यापाशी एक फोटो घेऊ," बातमीदारानं कॅमेरा काढला.

सुभेदारांनी फेटा बांधला, पदकं लावली आणि पडवीत जात्यापाशी मांडी ठोकली. आयुष्यभर त्यांनी या जात्याचं पीठ खाल्लं होतं, त्याच्यासमोर ते पहिल्यांदाच बसत होते. दोन्ही हातांनी खुंटा धरून त्यांनी जोर लावला.

"उलटं फिरवताय, मामंजी," साळूबाई हळूच म्हणाली.

ते चिडले. सुलट फिरवलं. दगड अर्धा फेरा फिरला आणि थांबला. सुभेदारांना धाप लागली.

"कडेनं थोडं पीठ पडलेलं दिसलं पाहिजे," बातमीदार म्हणाला. "वहिनी, तुम्ही समोरून ओढता का?"

साळूबाई जात्यात नाचणी घालून समोर बसली. सुभेदारांनी हात नुसते खुंट्यावर ठेवले आणि ती ओढू लागली. पाच फेरे, दहा फेरे. ओटीपोटात कळ आली, तिनं दात आवळले. जात्याभोवती पीठ जमलं.

"आता हात मागं घ्या, वहिनी. फोटोत येतोय."

तिनं हात काढला. जातं थांबलं.

"थांबलं की वो," सुभेदार म्हणाले.

"हरकत नाही. फोटोत फिरतंय का थांबलंय, कुणाला कळतंय? हसा, सुभेदारसाहेब."

सुभेदार हसले. फोटो निघाला. पदकं सावरत ते उठले. आज त्यांना कुणालातरी काहीतरी द्यावंसं वाटत होतं.

"साळू, पाव्हण्यास्नी दोन शेर पीठ बांधून दे. अकराची एसटी हाय, तवर हुतंय दळून. पाव्हणं, आमच्या घरनं कुनी मोकळ्या हातानं जात न्हाई."

बातमीदार जरा संकोचला, पण नको म्हणाला नाही. वही पिशवीत टाकता टाकता तो म्हणाला, "वहिनी, बारीक दळा हं. घरी आमचं सहा महिन्यांचं बाळ आहे, त्याला आता नाचणी सुरू करायचीय."

साळूबाईनं जात्याच्या तोंडात मूठभर नाचणी टाकली. डावा हात पोटावर ठेवला आणि उजव्यानं खुंटा धरला.