दोन मजल्यांवरचं कार्ड

ऑफिसच्या दारांवर लावलेल्या ओळखपत्राच्या कार्डांवरून इमारतीत आत्ता कोण कुठे आहे, याची यादी वाचायला संगणकाला फार वेळ लागायचा. म्हणून तिने ती मजल्यांप्रमाणे चार भागांत तोडली आणि चारही भाग एकदम वाचायला लावले.

चारही मजल्यांची बेरीज आत आलेल्या माणसांपेक्षा एकाने जास्त आली. तिचं कार्ड दुसऱ्या मजल्यावर होतं, जिथे ती जेवणाच्या सुट्टीत एकटीच बसली होती. ते चौथ्यावरही होतं.

तिने साहेबांना फोन लावला.

"कार्ड कुणाला दिलंस? नोकरी जाईल हां!"

"गळ्यातच आहे, साहेब."

"मग भाग पाडताना घोळ घातलास. परत वाच."

या वेळी तिचं कार्ड दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर दिसलं.

"साहेब, ते खाली येतंय."

तिने पुन्हा वाचलं. दुसऱ्या मजल्यावर तिचं नाव दोनदा होतं.

तिच्या पाठीमागचं दार बीप वाजलं; त्याने कुणाचं तरी कार्ड ओळखलं होतं.